संगणक-शंका : अपग्रेड झाले आणि बॅटरी ‘गेली’

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि त्या तारखेच्या आगेमागे अनेक घरांत, कार्यालयांत जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढवण्याचे काम उरकले गेले. त्यानंतर या सदराकडे आलेल्या पत्रांत बॅटरी आणि ड्रायव्हर (लॅपटॉपचा एखादा भाग विंडोजकडून चालवून घेणारा छोटा प्रोग्राम) हे दोनच विषय पुन्हा पुन्हा दिसतात. बॅटरी खरोखर झिजली आहे, की ती पूर्वीपेक्षा अधिक वेगाने खर्च होते आहे, की लॅपटॉपच तिला मुद्दाम पूर्ण भरू देत नाही, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. दुकानात मात्र तिन्हींवर ‘बॅटरी बदला’ हे एकच उत्तर मिळते, असे पत्रांवरून दिसते. उत्तरांत दिलेले आदेश उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत, ते संगणकावर इंग्रजी लिपीतच टंकावेत. पुण्याच्या पत्राला मुद्दाम पहिली जागा दिली आहे, कारण ते तातडीचे आहे.

प्रश्न : विंडोज ११ घेतल्यानंतर दोनेक महिन्यांनी माझ्या लॅपटॉपचा टचपॅड बिघडला. कधी क्लिक होत नाही, कधी आपोआप होते. ड्रायव्हर चार वेळा काढून पुन्हा घातला, उपयोग झाला नाही. आता टचपॅडची एक कड वर आल्यासारखी वाटते आणि झाकण पूर्ण मिटत नाही. नेमका कोणता ड्रायव्हर घालावा? (एक वाचक, पुणे)

कोणताही घालू नये. लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा आणि पुन्हा लावू नये. आपण शेवटच्या ओळीत सहज म्हणून जे लिहिले आहे, तेच दुखण्याचे मूळ आहे. बहुतेक लॅपटॉपमध्ये बॅटरी टचपॅडच्या आणि मनगटे टेकण्याच्या जागेच्या खाली असते. लिथियम-आयन पेशी जुनी झाली किंवा सतत तापत राहिली, की आत वायू साठून तिचे पाकीट फुगते आणि टचपॅडला खालून रेटते. क्लिक होत नाही ते त्यामुळे. अपग्रेड आणि हा बिघाड पाठोपाठ आले, एवढाच त्यांचा संबंध.

फुगलेली बॅटरी दाबून बसवण्याचा, टोचून ‘हवा काढण्याचा’ किंवा ती अर्धवट सोलून पाहण्याचा प्रयत्न घरात कोणीही करू नये, कारण आतील थर एकमेकांना टेकले की ती पेट घेऊ शकते. लॅपटॉप गादीवर, कागदांच्या गठ्ठ्यावर किंवा उन्हात न ठेवता फरशीवर मोकळ्या जागी ठेवावा आणि शक्य तितक्या लवकर कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात न्यावा. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा सेवा केंद्रात ती तिथेच जमा करण्याचा आग्रह धरावा.

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१९ चा आहे. ऑक्टोबरमध्ये भाच्याने त्यावर विंडोज ११ घालून दिले. पूर्वी बॅटरी तीन तास पुरत असे, आता सव्वा तासात संपते. पडदा फार लख्ख दिसतो, डोळे दुखतात आणि कळ दाबूनही उजेड कमी होत नाही. कीर्तनाचा व्हिडिओ लावला की पंखा मोठ्याने फिरू लागतो. दुकानदार म्हणतात, बॅटरी बदलावी लागेल, साडेचार हजार रुपये. भाच्याने काढून दिलेला बॅटरीचा अहवाल सोबत जोडला आहे. नव्या विंडोजने बॅटरी खाल्ली का? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

आपल्या भाच्याचे कौतुक केले पाहिजे, कारण बॅटरी बदलण्याच्या गोष्टी करण्याआधी हा कागद पाहायला हवा आणि तो फारसे कोणी काढत नाही. इतर वाचकांसाठी त्याची रीत सांगतो. स्टार्ट बटणावर उजवे क्लिक करून ‘टर्मिनल (ॲडमिन)’ उघडावे. तिथे ‘पॉवरसीएफजी’ हा जोडून लिहिलेला शब्द, मग एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ हाही एकच शब्द म्हणून टंकून एंटर दाबावे. अहवाल कोणत्या फोल्डरमध्ये साठवला, ते पडद्यावर दिसते आणि तो ब्राउझरमध्ये उघडतो.

आपल्या अहवालात बॅटरीची मूळ क्षमता, म्हणजे ‘डिझाइन कपॅसिटी’, ४१,००० मिलीवॉट-तास आहे आणि आज पूर्ण भरल्यावर तिच्यात मावते ती ‘फुल चार्ज कपॅसिटी’ २२,५५० मिलीवॉट-तास आहे. चार्जिंगची आवर्तने ४१२ झाली आहेत. याचा अर्थ बॅटरीची ५५ टक्के ताकद शिल्लक आहे. इतक्या वर्षांच्या वापरानंतर हे अपेक्षितच आहे. ही झीज हळूहळू होते, अपग्रेडच्या एका रात्रीत होत नाही. म्हणजे अपग्रेडच्या आदल्या दिवशीही आपली बॅटरी साधारण एवढीच होती आणि तरीही ती तीन तास चालत होती.

आता थोडा हिशेब करू. आपण शिक्षिका आहात, तेव्हा तो आपल्याला जड जाणार नाही. साडेबावीस वॉट-तासांची बॅटरी तीन तास पुरत होती, याचा अर्थ लॅपटॉप सरासरी साडेसात वॉट खर्च करत होता. तीच बॅटरी सव्वा तासात संपत असेल, तर खर्च अठरा वॉटवर गेला आहे. नळ दुपटीहून जास्त मोठा उघडला गेला आहे, टाकी तीच आहे. दुकानदाराच्या सांगण्यावरून ४१ वॉट-तासांची कोरी बॅटरी बसवली असती, तर तीही सव्वादोन तासांतच संपली असती. साडेचार हजार रुपये मोजून पूर्वीच्या जुन्या बॅटरीइतकाही वेळ मिळाला नसता.

खर्च कुठे वाढला, हे आपल्याच पत्रात आहे. उजेड कमी न होणे आणि व्हिडिओ लावताच पंखा फिरणे ही दोन लक्षणे एकत्र दिसली, की पडद्याचा म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर गेला असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. स्टार्टवर उजवे क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा आणि ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ या ओळीवर टिचकी मारावी. तिथे इंटेलच्या ग्राफिक्सचे नाव दिसायला हवे. त्याऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे लिहिलेले आढळले, तर विंडोजला योग्य ड्रायव्हर सापडला नाही आणि तिने कामचलाऊ ड्रायव्हरवर वेळ मारून नेली आहे. हा कामचलाऊ ड्रायव्हर चित्र दाखवतो, पण त्याला पडद्याचा उजेड कमी-जास्त करता येत नाही आणि व्हिडिओ उलगडण्याचे जे काम ग्राफिक्सच्या भागाने अगदी थोड्या विजेत करायचे, ते सगळे मुख्य प्रोसेसरच्या गळ्यात पडते. कीर्तन रंगात येते आणि पंखाही साथीला उभा राहतो, तो यामुळे.

उपाय असा. सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’, त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि त्यात ‘ऑप्शनल अपडेट्स’ उघडून ‘ड्रायव्हर अपडेट्स’खाली ग्राफिक्सचे नाव आहे का, ते पाहावे. असल्यास ते निवडून बसवावे. नसल्यास लॅपटॉपच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवरील अनुक्रमांक वापरून कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्याच मॉडेलचा ड्रायव्हर शोधावा. तिथे विंडोज ११ चे नाव नसेल आणि विंडोज १० च्या ६४-बिट आवृत्तीचा ड्रायव्हर असेल, तर तोही बहुधा चालतो. ड्रायव्हर बसवून लॅपटॉप पुन्हा सुरू केला, की उजेडाची कळ चालू लागेल. मग उजेड निम्म्यावर आणावा.

एक गोष्ट मात्र अपग्रेडच्या खात्यावर खरोखरच मांडावी लागते. नवी प्रणाली बसल्यावर पहिले एक-दोन दिवस ती सर्व फायलींची अनुक्रमणिका नव्याने तयार करते, अद्यतने उतरवते आणि सुरक्षेची तपासणी करते, त्यामुळे त्या दिवसांत बॅटरी लवकर संपते. तेवढे दिवस लॅपटॉप चार्जरला लावून चालू ठेवावा आणि त्यानंतरच तक्रार खरी की तात्पुरती, ते ठरवावे. नवी बॅटरी घ्यायची की नाही, हे ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसल्यावर आठवडाभर वापरून मग ठरवावे, ही विनंती.

प्रश्न : आमच्या कार्यालयात टॅलीसाठी तीन लॅपटॉप आहेत. बाहेरच्या माणसाने तिन्हींना फॉरमॅट मारून विंडोज ११ टाकून दिले. आता एकाचे चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबते, दुसऱ्याचे ६० वर, आणि तिसरा २३ टक्क्यांवर अडला असून चार्जर लावलेला असताना बॅटरी भरत नाही. तिन्ही चार्जर चालू आहेत. तिन्ही बॅटऱ्या एकदम कशा जातील? (सनदी लेखापाल, सांगली)

तिन्ही एकदम गेल्या नसाव्यात, ही आपली शंका रास्त आहे. पहिल्या दोन लॅपटॉपना काहीही झालेले नाही. लिथियम-आयन बॅटरी सतत १०० टक्क्यांवर भरलेली ठेवली, की लवकर झिजते. म्हणून जवळपास सर्व कंपन्या चार्जिंगला ८० किंवा ६० टक्क्यांवर अडसर घालण्याची सोय देतात. लेनोवोमध्ये तिला ‘कॉन्झर्व्हेशन मोड’ म्हणतात, आसुसमध्ये ती ‘बॅटरी हेल्थ चार्जिंग’ या नावाने येते आणि एचपीच्या अनेक लॅपटॉपमध्ये ती थेट बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रोग्राममध्ये, असते. हा अडसर पूर्वी कोणीतरी लावलेला असणार. फॉरमॅट मारताना कंपनीचे जे ॲप हा अडसर दाखवत होते ते पुसले गेले, पण अडसराची नोंद विंडोजमध्ये नव्हे, तर लॅपटॉपच्या अंतर्गत नियंत्रकात असल्यामुळे ती तशीच राहिली. कंपनीचे ॲप पुन्हा उतरवले, की तो पर्याय सापडेल. पण दिवसभर टेबलावर चार्जरला लावलेल्या लॅपटॉपवर मी तरी तो बंद करणार नाही.

तिसऱ्याचे प्रकरण वेगळे आहे. आधी चार्जर पाहावा. ‘चालू आहे’ याचा अर्थ दिवा लागतो एवढाच असेल, तर ते पुरेसे नाही. गोल पिनेच्या काही चार्जरमध्ये मधोमध एक बारीक सुई असते; तिच्यातून चार्जर आपली ओळख आणि आपले वॉट लॅपटॉपला कळवतो. ती सुई वाकली किंवा तार आतून तुटली, की लॅपटॉप चालतो, पण चार्जर ओळखला न गेल्यामुळे बॅटरी भरत नाही आणि वेगही मंदावतो. टाइप-सी चार्जर असेल, तर फॉरमॅटच्या धांदलीत लॅपटॉपचा ६५ वॉटचा चार्जर आणि मोबाइलचा कमी ताकदीचा चार्जर यांची अदलाबदल तर झाली नाही ना, हे पाहावे. कार्यालयात हे फार वेळा होते.

चार्जर योग्य निघाला, तर लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, पॉवरची कळ अर्धा मिनिट दाबून धरावी आणि मग चार्जर लावून सुरू करावा. तरीही बॅटरी भरत नसेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘बॅटरीज’खाली ‘मायक्रोसॉफ्ट एसीपीआय-कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी’ असे लांबलचक नाव दिसते. त्यावर उजवे क्लिक करून ‘अनइन्स्टॉल’ करावे आणि लॅपटॉप ‘रीस्टार्ट’ करावा. विंडोज ती नोंद स्वतःच पुन्हा तयार करते, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. येथे ‘शटडाउन’ न करता ‘रीस्टार्ट’च करावे, कारण ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उभा राहतो.

शेवटचा उपाय म्हणजे कंपनीच्या संकेतस्थळावरून बायोस अद्ययावत करणे. त्यात एक खाचखळगा आहे आणि लेखापालांच्या कार्यालयात तो महागात पडेल. विंडोज ११ अनेक लॅपटॉपवर डिस्क आपणहून कूटबद्ध करते. बायोस बदलताच ती ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते आणि ती की नसेल तर आतील सर्व हिशेब कुलूपबंद होतात. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला, त्या खात्यात ती की साठवलेली असते. ते खाते आपले आहे की फॉरमॅट मारणाऱ्या माणसाचे, हे आजच तपासावे आणि की कागदावर उतरवून ठेवावी. बॅटरी २३ टक्क्यांवर अडलेली असताना बायोसचे अद्यतन नाकारले जाण्याचीही शक्यता आहे. तसे झाले, तर सेवा केंद्र गाठावे.

प्रश्न : रात्री ९० टक्के बॅटरी असताना झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत ठेवते. सकाळी एसटीतून कॉलेजला पोहोचेपर्यंत बॅटरी ४० वर आलेली असते आणि बॅग हाताला गरम लागते. अपग्रेडच्या आधी असे होत नव्हते. (विद्यार्थिनी, नांदेड)

झाकण मिटले, पण लॅपटॉप झोपला नाही. अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये झोपेची पद्धत मोबाइलसारखी असते. पडदा बंद होतो, प्रोसेसर अगदी कमी विजेवर जातो, पण अधूनमधून जागा होऊन तो निरोप आणि अद्यतने पाहतो. हिला ‘मॉडर्न स्टँडबाय’ म्हणतात. ही पद्धत लॅपटॉपच्या घडणीतच ठरलेली असल्यामुळे ती अपग्रेडपूर्वीही आपल्याकडे असणार. बदलले असतील ते ड्रायव्हर. एकाच भागाचा ड्रायव्हर अडून बसला, तरी संपूर्ण लॅपटॉपला गाढ झोपेत जाता येत नाही आणि बंद बॅगेत उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते.

दोषी कोण, हे विंडोजलाच विचारता येते. ॲडमिन टर्मिनलमध्ये ‘पॉवरसीएफजी’नंतर तिरकी रेघ देऊन ‘स्लीपस्टडी’ हा शब्द जोडून लिहावा. त्यातून मागील तीन दिवसांचा झोपेचा अहवाल निघतो. आदल्या रात्रीच्या ओळीवर टिचकी मारली, की बॅटरी किती उतरली, एकूण वेळेपैकी किती टक्के वेळ लॅपटॉप खऱ्या अर्थाने गाढ झोपेत होता आणि कोणत्या भागाने त्याला जागे ठेवले, याची यादी दिसते. यादीत वायफायचे नाव वर असेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावरून वायफायचा ड्रायव्हर नव्याने घ्यावा. ध्वनीचे किंवा ग्राफिक्सचे असेल तर त्याचा. हा अहवाल मिळत नसेल, तर आपल्या लॅपटॉपमध्ये जुनी झोपपद्धत आहे, आणि मग रात्री त्याला एखादा माउस किंवा ठरवून दिलेले अद्यतन उठवते का, हे पाहावे लागेल.

तोवर परीक्षा, सादरीकरणे थांबणार नाहीत, म्हणून एक खात्रीचा उपाय सांगतो. कंट्रोल पॅनेलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये झाकण मिटल्यावर काय व्हावे, ते ठरवण्याची जागा असते, तिथे ‘स्लीप’ऐवजी ‘हायबरनेट’ निवडावे. हायबरनेटमध्ये चालू काम डिस्कवर लिहून लॅपटॉप जवळजवळ पूर्ण बंद होतो. उघडताना थोडा जास्त वेळ लागतो, पण बॅग थंड राहते. हा पर्याय यादीत नसेल, तर ‘पॉवरसीएफजी’, तिरकी रेघ, ‘हायबरनेट’, मग जागा सोडून ‘ऑन’ असा आदेश द्यावा, म्हणजे तो दिसू लागतो. तो लागू होईपर्यंत बॅगेत ठेवण्यापूर्वी शटडाउन करावे.

प्रश्न : स्वच्छ विंडोज ११ टाकले, तर वायफायही नाही आणि टचपॅडही नाही. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा. या चक्रातून कसे सुटावे? (एक वाचक, रत्नागिरी)

मोबाइलची डेटा केबल लॅपटॉपला लावावी आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटच्या सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी टिदरिंग’ चालू करावे. अँड्रॉइड मोबाइल असेल, तर त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासूनच असतो आणि बहुतेक वेळा लगेच इंटरनेट सुरू होते. मात्र केबल चार्जिंगपुरतीच नसावी. यूएसबी माउस शेजाऱ्यांकडून तासभर मागून आणावा.

इंटरनेट आले, की आधी विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्यावे. ड्रायव्हर नसलेल्या भागांवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसणारी निम्मी पिवळी चिन्हे तेवढ्यानेच जातात. उरलेल्यांसाठी क्रम महत्त्वाचा आहे, कारण काही ड्रायव्हर एकमेकांच्या खांद्यावर उभे असतात. टचपॅड हे त्याचे उत्तम उदाहरण. अनेक लॅपटॉपमध्ये टचपॅड प्रोसेसरशी थेट बोलत नाही. मधे एक ‘सीरियल आयओ’ नावाचा दुवा असतो. तो दुवाच बसलेला नसेल, तर टचपॅडचा ड्रायव्हर कितीही वेळा घातला तरी विंडोजच्या लेखी टचपॅड अस्तित्वातच नसतो. म्हणून आधी चिपसेट (मुख्य पटलावरचे भाग एकमेकांशी जोडणाऱ्या चिपांचा संच), मग सीरियल आयओ, मग ग्राफिक्स आणि त्यानंतर बाकीचे, असा क्रम ठेवावा.

एखादा भाग ‘अननोन डिव्हाइस’ म्हणूनच राहिला, तर त्यावर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, ‘डिटेल्स’ आणि त्यात ‘हार्डवेअर आयडीज’ निवडावे. तिथल्या लांब अक्षरमालिकेत ‘व्हीईएन’ या तीन इंग्रजी अक्षरांपुढे चार चिन्हांचा संकेत असतो, तो उत्पादकाचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक आणि १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. (इंटेलच्या संकेतात तिच्या १९७८ च्या ८०८६ या गाजलेल्या प्रोसेसरचा आकडा आहे.) उत्पादक कळला, की लॅपटॉप कंपनीच्या पानावरील चार-पाच वायफाय ड्रायव्हरांपैकी आपला कोणता, हे लगेच उमगते.

‘तुमचे ३२ ड्रायव्हर जुने झाले आहेत’ असे सांगणारी ॲप मात्र घेऊ नयेत. ड्रायव्हर जुना असणे हा दोष नाही. नीट चाललेल्या भागाचा ड्रायव्हर केवळ तारखेसाठी बदलणे म्हणजे दुखत नसलेला दात काढून घेण्यासारखे आहे.

प्रश्न : मी उबुंटू ही लिनक्स प्रणाली वापरतो. २२.०४ वरून २४.०४ वर गेलो आणि लॅपटॉपची बॅटरी निम्मी पुरू लागली. एनव्हिडियाचे वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे. मराठीतून लिनक्सवर उत्तर मिळेल का? (एक वाचक, मडगाव)

अवश्य. ‘यूपॉवर’ या आदेशाने मिळणाऱ्या माहितीत बॅटरीची मूळ आणि आजची क्षमता दिसते, शिवाय ‘एनर्जी-रेट’ या ओळीत या घडीला किती वॉट खर्च होत आहेत तेही दिसते. साताऱ्याच्या पत्रात जो हिशेब मांडावा लागला, तो येथे आयता मिळतो. काही न करता लॅपटॉप उघडा ठेवून हा आकडा १५ वॉटच्या वर राहत असेल, तर पहिला संशय एनव्हिडियाच्या कार्डावर घ्यावा.

आपल्याकडे बहुधा असे झाले असेल. अपग्रेडमध्ये कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बदलला आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर त्याच्यासाठी नव्याने बांधला गेला. ‘सिक्युअर बूट’ (ओळखीची सही नसलेले प्रोग्राम सुरू होताना रोखणारी सोय) चालू असेल, तर अशा ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवावी लागते. त्यासाठी पुढच्या वेळी लॅपटॉप सुरू होताना एक निळा पडदा येतो आणि तिथे ‘एनरोल’ हा पर्याय निवडून आधी ठरवलेला पासवर्ड द्यावा लागतो. आपण तो पडदा काहीतरी भलतेच समजून पुढे ढकलला असेल, तर ड्रायव्हर नाकारला जातो आणि कार्ड कामाशिवाय जागे राहून वीज पिते. ड्रायव्हर पुन्हा बसवावा, निळ्या पडद्यावर या वेळी नोंदणी करावी आणि नंतर ‘प्राइम-सिलेक्ट’ या आदेशाने ‘ऑन-डिमांड’ (गरजेपुरतेच कार्ड) किंवा, कार्डाची गरजच नसेल तर, ‘इंटेल’ हा पर्याय निवडावा. कार्ड झोपले का, हे पाहायला ‘एनव्हिडिया-एसएमआय’ पुन्हा पुन्हा चालवू नये. तो आदेशच त्याला उठवतो.

आपण वीजबचतीसाठी ‘टीएलपी’ घातले असेल, तर उबुंटूसोबत येणारे ‘पॉवर-प्रोफाइल्स-डीमन’ आणि ते दोन्ही एकाच वेळी ठेवू नयेत. दोघेही तेच खटके ओढतात आणि शेवटी कोणाचे चालले, हे आपल्याला कळत नाही.

प्रश्न : ३ तारखेला अपग्रेड केले. बॅटरी ठीक आहे, पण आवाज फाटका येतो. मला विंडोज १० वर परत जायचे आहे. जाता येईल का? (गृहिणी, नाशिक)

अपग्रेडनंतर दहा दिवसांपर्यंत सेटिंग्जमधील ‘सिस्टम’, ‘रिकव्हरी’ आणि ‘गो बॅक’ या वाटेने परत जाता येते. त्यानंतर जुनी प्रणाली ज्या फोल्डरमध्ये जपलेली असते, तो पुसला जातो. आपले पत्र ८ तारखेचे होते आणि हा अंक आपल्या हाती पडेपर्यंत ती मुदत टळून गेली असती, म्हणून उत्तर दूरध्वनीवरून आधीच कळवले. इतर वाचकांसाठी ते येथे देतो.

एका ड्रायव्हरसाठी संपूर्ण प्रणाली मागे नेऊ नये, विशेषतः विंडोज १० ची विस्तारित सुरक्षा अद्यतने घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आणि तीही नोंदणी केली तरच मिळणार असताना. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ध्वनीच्या भागावर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘ड्रायव्हर’ या पानावर ‘रोल बॅक’ दाबून पाहावे. ते बटण फिके असेल, तर ‘अपडेट ड्रायव्हर’मधून संगणकावरील ड्रायव्हरांची यादी मागवावी आणि ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ हा विंडोजचा साधा ड्रायव्हर निवडावा. नाशिकच्या लॅपटॉपवर ‘रोल बॅक’चे बटण फिकेच होते. साधा ड्रायव्हर घातल्यावर आवाज स्वच्छ आला. कंपनीच्या ॲपमधली इक्वलायझरची सोय तेवढी गेली, आणि ती आपण कधी उघडलीच नव्हती असे त्यांनी सांगितले.